औषध आत की बाहेर?

प्रोटीनची चित्रं काढावीत ती मीच! आमच्या प्रयोगशाळेत हे सगळ्यांना मान्य होतं. म्हणजे, माझा धाकटा साडू तिथेच नोकरीला लागेपर्यंत! तेव्हापासून घरी सासऱ्यांच्या तोंडी त्याचं कौतुक आणि ऑफिसात आमच्या प्रमुख मॅडमच्या तोंडी. मी नुसता धुमसतोय, ओल्या लाकडासारखा!

त्या दिवशी बडे पाहुणे यायचे होते. आमचं नवं औषध प्रोटीनच्या पोटात नेमकं कुठे बसतं, ते दाखवायचं होतं. साडूने साधंसुधं चित्र केलेलं. मी म्हटलं, थांब लेका! प्रोटीनवर तीन पारदर्शक थर चढवले, एकात एक काचेच्या बरण्या ठेवाव्यात तसे, आणि मधोमध गुलाबी औषध. कॉम्प्युटर रांगायला लागला. म्हणून 'थर मागून पुढे रंगवा' यावरची टिक काढून टाकली. कॉम्प्युटर पळत सुटला!

पडद्यावर चित्र आलं आणि मॅडम उठून उभ्याच राहिल्या.

"अहो, औषध बाहेर कसं?"

खरंच! नाकावर माशी बसावी तसं ते प्रोटीनच्या बाहेर बसलं होतं. मी चूक कबूल करणार, तेवढ्यात पाहुणे म्हणाले, "हे नवीनच दिसतंय!" आणि साडूचा चेहरा पडला. काय गोड दिसत होता हो तो पडलेला चेहरा!

"माझंच संशोधन!" मी बोलून गेलो.

मॅडमनी लगेच फोन उचलला. "आजची चाचणी थांबवा! औषध भलतीकडेच चिकटतंय!"

मी माऊसशी उगाच खटपट करू लागलो.

"दादा, जरा फिरवून दाखवता?" साडूने विचारलं.

फिरवलं. डावीकडून औषध पुढे, उजवीकडून पुढे, पाठीमागूनही पुढेच!

"हे आपल्या मागे मागे फिरतंय का?" पाहुणे खुर्चीत मागे सरकले.

साडूने हात लांबवून ती टिक परत केली; ती नसल्यामुळे कॉम्प्युटर मागचंपुढचं न बघता औषध सगळ्या थरांच्या वर रंगवत होता. थर जागच्या जागी आले आणि औषध गुमान आत जाऊन बसलं.

"दादांची चूक नाही मॅडम, सॉफ्टवेअरच घोळ घालतं. थर मात्र काय सुरेख केलेत दादांनी!"

मॅडमनी चाचणी पुन्हा सुरू करायला सांगितलं, माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी बायको बहिणीशी फोनवर बोलत होती. "अगं, तुझ्या नवऱ्याने आज यांची लाज राखली म्हणे!"

मी आणखी एक पोळी वाढून घेतली. इतक्या भल्या माणसावर जळत राहणं काही सोपं नाही! पण मी अजून हिंमत हरलेलो नाही.