नाना झाला

"सॉरी मॅडम, कोट आजच मिळणार होता, पण आमच्याकडे जरा नाना झालाय."

काउंटरवरच्या मुलीने फोन ठेवून मागे पाहिलं, तर साक्षात नाना उभे.

लॉन्ड्रीत सत्तावीस वर्षं कपड्यांना चिठ्ठ्या लावणाऱ्या नानांचा तो शेवटचा दिवस. संध्याकाळी मालक निरोपाचे चार शब्द बोलणार होते.

"काय झालाय म्हणालीस?"

मुलीने इस्त्रीवाल्याकडे पाहिलं. इस्त्रीवाल्याने इस्त्रीकडे.

"म्हणजे बघा," शेवटी तो म्हणाला, "साधा घोळ कुणीही घालतं. पण चांगल्या मनाने, नीट विचार करून घातलेला घोळ म्हणजे नाना."

"आणि हे निघालं कुठून?"

"जज्जसाहेबांचा काळा झगा बँडमास्तरकडे गेला आणि बँडमास्तरचा सोनेरी झालरीचा लाल कोट कोर्टात, तेव्हापासून."

"चिठ्ठी मी बरोबर लावली होती! टाचणी गळली, टाचणी!"

मालकांच्या चार शब्दांत हा पाचवा नको, म्हणून नाना टाचणीचा गुन्हा सिद्ध करायला निघाले. रॅकवरच्या अडतीस कपड्यांच्या टाचण्या काढल्या, चिठ्ठ्या टेबलावर ओळीने मांडल्या. आता प्रत्येक चिठ्ठी दोऱ्याने पक्की शिवायची. पण दोरा सुईत जाईना. नाना घामाघूम झाले. इस्त्रीवाल्याला दया आली. त्याने पंखा लावला.

अडतीस चिठ्ठ्या उडाल्या. काही कपाटाखाली, काही बादलीत, एक तर रस्त्यावरच्या स्कूटरबरोबर निघून गेली.

शब्द सगळ्यांच्या जिभेवर होता. वयाचा मान राखून कुणी काढला नाही.

पाच वाजता गिऱ्हाइकांची रांग दाराबाहेर गेली. मालकांनी रांग पाहिली, ढीग पाहिला आणि भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला. "नाना, हे निस्तरेपर्यंत रोज या."

तेवढ्यात नानांना बायकोचा फोन. "अहो, निघालात का?"

"उशीर होईल. इथे जरा..." मराठीत शब्दांना काय तोटा, पण नानांना दुसरा सापडेना. "नाना झालाय."

"अगंबाई! किती कपडे?"

नाना थबकले. "तुला कसा ठाऊक हा शब्द?"

"मला? दोन्ही मुलांचे डबे शाळेत उलटेपालटे देऊन यायचात, तेव्हापासून घरातलाच आहे की तो! तुमचा इस्त्रीवाला यायचा ना तुमचा डबा न्यायला, त्याने उचलला असेल."

नानांनी डोळे वटारून वळून पाहिलं.

"शब्द वहिनींचाच, नाना," इस्त्रीवाला मान खाली घालून म्हणाला. "आम्ही नुसता धुऊन, इस्त्री करून वापरला."