सामाईक भिंतीतली ऊब

पैसा मिळवायला अक्कल लागते, असं म्हणतात. लागत असेलही. पण पैसा वाचवायला नुसती अक्कल पुरत नाही. त्याला शेजारी लागतो. निर्जन बेटावर काटकसर करणाऱ्याला आपण काटकसरी म्हणत नाही, अडकलेला म्हणतो. आपण चहाची एकच बुडवायची पुडी तीन कपांना वापरतो, हे जोवर शेजारणीला ठाऊक नाही तोवर त्या तिसऱ्या कपाला चव नाही. (चव तशीही नसते. पण मुद्दा नैतिक आहे.)

हे सत्य झीलंड या डच प्रांतातल्या झाउटडाइक गावाला फार पूर्वी उमगलं आणि तिथे गृहबचत मंडळ स्थापन झालं. गावची वस्ती तीनशे बारा, मंडळाचे सभासद एक्केचाळीस. उरलेले दोनशे एकाहत्तर जणही काटकसरीच आहेत, पण ते वर्गणी वाचवतात. मंडळात त्यांच्याविषयी आदरानेच बोललं जातं.

मंडळ दरवर्षी एक माहितीपुस्तिका काढतं. (एकच प्रत. ती प्रत्येक घरी तीन दिवस राहते.) घर चालवणाऱ्या कुणालाही उपयोगी पडतील अशा पुष्कळ सूचना तिच्यात आहेत. उदाहरणार्थ, दात घासायच्या मलमाची ट्यूब संपली असं वाटलं की ती कात्रीने मधोमध कापावी. आत नऊ दिवसांचा साठा निघतो. ताकाची बाटली रिकामी झाली असं वाटलं की लांब दांड्याचं रबरी खरवडणं आत घालावं. मंडळाच्या मते रिकामी बाटली ही एक अंधश्रद्धा आहे. संध्याकाळी पडदे लावू नयेत. रस्त्यावरचा दिवा नगरपालिकेचा असतो, आणि खुर्ची खिडकीशी नेली की त्याच्या उजेडात निदान ठळक मथळे तरी वाचता येतात. (आमच्याकडे पडदे का नसतात यावर बाहेरचे विद्वान निबंध लिहितात. आम्हाला लपवण्यासारखं काही नाही, असा त्यांचा निष्कर्ष असतो. आम्ही तो खोडत नाही.)

बटाट्यांना पाच मिनिटं उकळी आणून गॅस बंद करावा. भांडं वर्तमानपत्रात आणि घोंगडीत गुंडाळून बिछान्यात ठेवावं. तासाभरात बटाटे शिजतात आणि बिछानाही गरम होतो. निवृत्त बेकरीवाला लेंडर्ट कॉडे एकदा भांड्याचं विसरून वर आडवा झाला. मंडळाने त्याची नोंद ‘बटाटे कुस्करण्याची विनाउपकरण पद्धत’ अशी घेतली आहे.

नोव्हेंबर ते मार्च मंडळाच्या सभा आळीपाळीने सभासदांच्या घरी भरतात. सभासदांत स्नेहभाव वाढावा, असं कारण घटनेत दिलं आहे. शास्त्र असं की बसलेला माणूस जुन्या शंभर वॅटच्या दिव्याइतकी ऊब बाहेर टाकतो. वीस माणसं दोन तास बसली की यजमानाला संध्याकाळपर्यंत हीटर लावावा लागत नाही. लेंडर्टचं वजन एकशे एकवीस किलो. गेली सहा वर्षं जानेवारीत त्याला एकही दुपार स्वतःच्या घरी मिळालेली नाही. त्याचं घर त्यामुळे गार असतं; पण तो तिथे नसतोच, तेव्हा त्यालाही परवडतं.

या मंडळाच्या अध्यक्षा याकोमिना मिंडरहाउट. वय एकोणसत्तर, एका शाळामास्तरांच्या विधवा, राहणार घर क्रमांक चौदा. एकोणीस वर्षं त्या बिनविरोध निवडून आल्या. त्यांच्याकडे कॉफीबरोबर एक बिस्कीट मिळतं, आणि डब्याचं झाकण उघडण्याचा आणि लागण्याचा आवाज नवख्या माणसाला वेगवेगळा ओळखू येत नाही. त्यांनी हीटर एक नोव्हेंबरच्या आत कधी लावला नाही. नवरा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात वारला, तेव्हा भेटायला येणाऱ्यांना त्यांनी कोट काढू दिले नाहीत.

अशा घरात गेल्या हिवाळ्यात डिसेंबरअखेरच गॅस अकरा टक्के जास्त जळाला.

याकोमिनाबाईंनी खिडक्यांच्या फटी तपासल्या, दाराखालची पट्टी तपासली. मग अंगणात उभं राहून शेजारच्या सोळा नंबरच्या धुराड्याकडे पाहिलं. तिथे क्राइन डिंगमान्से राहतो. वय एकाहत्तर, कालव्याच्या दरवाज्यांवरच्या नोकरीतून निवृत्त झालेला, विधुर, मंडळाचा सभासद नाही. त्याच्या धुराड्यातून एक नोव्हेंबरपासून वाफ निघाली नव्हती, आणि माणूस तर जिवंत होता, कारण रोज सकाळी तो सायकल काढत होता. निष्कर्ष उघड होता. दोन्ही घरांची एक भिंत सामाईक. चौदा नंबरची ऊब भिंतीतून सोळा नंबरात जात होती, आणि डिंगमान्से ती फुकट वापरत होता.

जानेवारीतल्या एका सभेत चौथा विषय म्हणून ‘ऊबचोरी’ आली. त्रिसदस्यीय समिती नेमली गेली आणि ती थर्मामीटर घेऊन सोळा नंबरात गेली. तिथलं तापमान असं भरलं: दाराशी अकरा अंश, खोलीच्या मध्यावर साडेबारा, सामाईक भिंतीपाशी पंधरा. आणि नेमकी तिथेच, भिंतीला पाठ लावून, एक आरामखुर्ची होती. समितीने एकमेकांकडे पाहिलं. क्राइनने कॉफी दिली, एकेक बिस्कीट दिलं आणि झाकण लावलं. (समितीने याची अनुकूल नोंद घेतली.)

समितीतल्या लेंडर्टने विचारलं, खुर्ची इथे कधीपासून आहे. क्राइन म्हणाला, चार वर्षं. मग घर गरम करणारा बॉयलर यंदाच का बंद केलास, असं विचारल्यावर तो कॉफी ढवळत राहिला. कपात साखर नव्हती.

“जुना झालाय,” तो म्हणाला, “घरघरतो. मग पलीकडचं ऐकू येत नाही.”

“पलीकडचं काय?”

“भांडी घासताना गातात त्या. स्तोत्रं. दुसऱ्या कडव्यात दर वेळी चुकतात.”

समिती हादरून परतली. चोर समजून घेता आला असता. मंडळात त्याच्याकडे होतकरू म्हणून पाहिलं गेलं असतं. पण हा माणूस काही वाचवायचं नसताना थंडीत बसत होता. अहवालात लिहिलं गेलं: “सदर इसम ऊब मिळवण्यासाठी नव्हे तर निव्वळ ऐकण्यासाठी भिंतीशी बसतो, होणारी बचत आनुषंगिक आहे.” हा अहवाल पुढच्या सभेत वाचला गेला, आणि पाळी नेमकी चौदा नंबरची होती. अध्यक्षस्थानी अर्थातच याकोमिनाबाई. वाचन संपल्यावर त्या टेबलावरचे कागद सरळ करत बसल्या. कागद सरळच होते.

“कितव्या कडव्यात?” त्यांनी विचारलं.

“दुसऱ्या, अध्यक्षबाई,” लेंडर्ट म्हणाला.

“पाचवा विषय घ्या.”

दुसऱ्या दिवशी चौदा नंबरातली खुर्चीही भिंतीला लागली. मग बोलणं सुरू झालं. भिंतीतून बोलायचं तर मोठ्याने बोलावं लागतं, मोठ्याने बोललं की भूक लागते, भूक लागली की खर्च वाढतो. म्हणून आठवड्यातून दोनदा क्राइन प्रत्यक्ष येऊ लागला. मार्चमध्ये त्याने विचारलं, आपण एकाच घरात राहूया का. त्याचं म्हणणं एवढंच होतं की जेवताना समोर कुणीतरी असावं. बायको गेल्यापासून तो उभ्यानेच जेवत होता.

याकोमिनाबाईंनी नाही म्हटलं नाही. त्यांनी विषय मंडळापुढे ठेवला.

मंडळाची विशेष सभा झाली आणि तिथे सरळ हिशेब मांडला गेला. एकट्या म्हाताऱ्या माणसाला सरकार जास्त पेन्शन देतं. दोघं एका घरात संसार करू लागली की दोघांचीही कापतं. दोघांचं मिळून नुकसान महिन्याला आठशे युरो. एका सभासदाने सुचवलं की रिकामं होणारं घर भाड्याने द्यावं. पण भाडेकरू सामाईक भिंतीतून फुकट ऊब घेणार, हे लक्षात येताच ती सूचना मागे घेण्यात आली. शेवटी ठराव झाला: सभासदांस प्रेम करण्यास मंडळाची हरकत नाही, छत मात्र स्वतंत्र असावं. ठरावाच्या बाजूने चाळीस मतं पडली. अध्यक्षबाई तटस्थ राहिल्या.

मंडळ निर्दय नव्हतं. उपाय म्हणून सामाईक भिंतीत तीस बाय चाळीस सेंटिमीटरची खिडकी पाडायला मान्यता देण्यात आली. लेंडर्टने ती फुकट पाडून दिली आणि निघालेल्या विटा घरी नेल्या. खिडकीच्या दोन्ही बाजूंना एकेक टेबल आलं. सहाच्या ठोक्याला दोघं आपापल्या घरात, आपापल्या खर्चाने आणि समोरासमोर जेवायला बसू लागली. खिडकी किंचित उंचावर असल्यामुळे क्राइनला याकोमिनाबाई नाकापासून वर दिसायच्या. त्या घास कधी घेतात हे त्याला भुवयांवरून ओळखायला लागायचं. पण फुकटात याहून जास्त कुणाला काय दिसतं? शिवाय हे जेवण मंडळाच्या पुस्तिकेत आदर्श व्यवस्था म्हणून चित्रासह छापायचं ठरलं होतं.

तेवढ्यात पेन्शन कचेरीला निनावी पत्र गेलं. पत्रावर तिकीट नव्हतं. कुणीतरी ते सायकलने नेऊन टाकलं होतं. तेव्हा ते आमच्याच गावचं, यात शंका नाही.

कचेरीतून एक तरुण बाई आल्या. नम्र होत्या. त्यांनी दोन्ही घरांतले दात घासायचे ब्रश मोजले. इथे एक, तिथे एक. टॉवेल मोजले, चपला मोजल्या. खिडकीचं माप घेतलं आणि यातून माणूस जाऊ शकत नाही असं लिहिलं. (खात्री करण्यासाठी लेंडर्टला बोलावण्याची गरज पडली नाही.) सगळं नियमात बसत होतं. मग त्यांनी खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या टेबलांवर दोघांसमोर एकेक फॉर्म ठेवला. एकच प्रश्न उरला होता, आणि त्या म्हणाल्या की त्याला फार महत्त्व देऊ नका, सगळ्यांना विचारतात. प्रश्न असा होता: ‘आपण एकमेकांची काळजी घेता का?’

क्राइनने आपल्या घरात बसून ‘नाही’ लिहिलं आणि सही केली. तो वाईट माणूस नव्हता. मंडळाने त्याला काय लिहायचं ते आदल्याच दिवशी समजावलं होतं, आणि महिना आठशे युरो म्हणजे काही चहाची पुडी नव्हे.

याकोमिनाबाईंनी चष्मा पुसला. प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. मग मान उंचावून खिडकीतून पलीकडे पाहिलं. क्राइन दोन स्वेटर घालून बसला होता. बॉयलर अजून बंदच होता.

“काय लिहिलंत, डिंगमान्से?”

“ठरलं होतं तेच.”

त्या लिहायला लागल्या. फार वेळ लागला नाही. कचेरीच्या बाईंनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले आणि म्हणाल्या की उत्तरं जुळत नाहीत. इथे ‘नाही’ आहे आणि इथे ‘हो’.

खिडकीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “अहो, याकोमिनाबाई, आठशे आहेत महिन्याला.”

“मला गुणाकार येतो, क्राइन,” त्या म्हणाल्या. एकोणीस वर्षं त्यांनी त्याला आडनावाने हाक मारली होती. “‘हो’ लिहायला शाई कमी लागते. आणि इकडे या आता, समोरच्या दाराने. मानेला रग लागलीय माझ्या.”

क्राइनने आपला फॉर्म परत मागितला. नवा देते, असं कचेरीच्या बाई म्हणाल्या, पण त्याने कागद फुकट घालवू दिला नाही. त्याच फॉर्मवर ‘नाही’ खोडून शेजारी ‘हो’ लिहिलं.

याकोमिनाबाईंनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. मंडळाने तो दुःखाने आणि एकमताने स्वीकारला. निरोपसमारंभ झाला नाही, आणि हे त्यांना सर्वांत जास्त आवडलं असणार. दोघं आता चौदा नंबरात राहतात. खिडकी बुजवलेली नाही. पलीकडच्या गारव्यात क्राइन बटाटे ठेवतो. दुसऱ्या कडव्यात चूक झाली की तो आता तिथल्या तिथे सांगतो, आणि चूक तरीही होते. झाउटडाइकमध्ये मात्र त्यांच्या दाराशी जरा दबक्या आवाजात बोललं जातं. एवढी धडधाकट माणसं आणि दर महिन्याला डोळ्यांदेखत आठशे युरो, असं म्हणून लोक मान हलवतात.

तुम्ही काही मान हलवणार नाही. तुम्ही सुसंस्कृत वाचक. याकोमिनाबाईंनी पेन उचललं तेव्हा तुम्हाला बरंच वाटलं असेल. फक्त आठशे युरोंचे रुपयांत किती होतात, हे तुम्ही तो आकडा आला तिथेच करून पाहिलंत, मग त्याला बाराने गुणलंत, आणि सोळा नंबरचं घर भाड्याने दिलं असतं तर काय बिघडलं असतं, या विचारात शेवटच्या दोन परिच्छेदांवरून डोळे नुसते फिरवलेत. संकोच करू नका. मंडळाला सध्या अध्यक्ष नाही, आणि तुमच्याइतका पात्र उमेदवार गावात कुणीच सापडलेला नाही.