फक्त अर्धा डोस

लेलंडने तीस वर्षांत आपल्या लॉनवर कुणाला पाय ठेवू दिला नव्हता. त्यामुळे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे मिनियापोलिसला निघताना त्याने शेजारच्या ड्वेनच्या हातात गराजची किल्ली ठेवली, तेव्हा ड्वेनला गहिवरून आलं. लगेच त्याने ती खिशात दोनदा चाचपूनही पाहिली.

"नीट ऐक," लेलंड म्हणाला. "हे थंडीत वाढणारं गवत आहे. उन्हाळ्यात ते झोपतं. झोपलं तर झोपू द्यायचं, उगाच हलवून उठवायचं नाही. अधूनमधून भरपूर पाणी, कापताना जरा उंच ठेवायचं, बस्स. खताला हात लावायचा नाही."

"आणि पिवळं पडलं तर?"

"पडू दे."

"खूपच पिवळं पडलं तर?"

लेलंडने सुस्कारा सोडला. "अगदीच बघवेना, तर अर्धा डोस. फक्त अर्धा. कोपऱ्यातल्या पोत्यात सावकाश विरघळणारं खत आहे, तेच. ऊन उतरल्यावर टाकायचं आणि वरून लगेच पाणी. या उन्हात पोटभर खत घातलंस ना, तर करपून जाईल सगळं."

ड्वेनने मान डोलावली. पण त्याच्या डोक्यात राहिलं ते एवढंच – 'अगदीच बघवेना'. आणि ड्वेनला तर काहीच बघवत नसे. जन्मभर शाळेची बस चालवली, पण डिझेलचा काटा जरा खाली आला की हा गृहस्थ पंपाकडे वळायचा. त्यात हे काही साधंसुधं गवत नव्हतं. बायको गेल्यापासून लेलंड माणसांत कमी आणि त्या गवतात जास्त रमायचा. ते मेलं तर त्याला तोंड कसं दाखवायचं? आणि लेलंड सोडला, तर ड्वेनला या वयात दुसरा मित्र तरी कोण होता?

जुलै आला. नेब्रास्कातला जुलै म्हणजे भट्टीचं दार उघडून कुणीतरी विसरून गेल्यासारखा. बाहेर शेतांत मका तरारला आणि इकडे लेलंडचं लॉन दिवसागणिक फिकं पडायला लागलं. ड्वेन सकाळी खिडकीत, दुपारी खिडकीत. जेवताना घास हातात धरून खिडकीत.

"अरे बस की जरा!" त्याची बायको अर्डिस वैतागून म्हणाली. "गवत आहे ते. रात्रीतून उठून कुठे पळून जाणार नाही."

"पळून गेलं असतं तर बरं झालं असतं. चोरीला गेलं म्हणून सांगता आलं असतं!"

त्यात लेलंडचा फोन आला.

"कसं आहे लॉन?"

"मस्त!" ड्वेन म्हणाला. जरा घाईतच म्हणाला.

"मस्त म्हणजे?"

"म्हणजे हिरवंगार. तू सोडून गेलास ना, अगदी तसंच."

 लेलंड नुसतंच "बरं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.  आता ड्वेनला ते हिरवं करणं भागच होतं.

अर्डिस चर्चमध्ये गोधड्या शिवायला गेली तशी त्याने गराज उघडलं, खत पसरायच्या ढकलगाडीत बरोब्बर अर्धा डोस भरला आणि ऊन कलल्यावर रस्त्यापासून घरापर्यंत उभे पट्टे मारले. वर पाणी सोडलं. घरी येऊन हातपाय धुतले आणि चेहरा शक्य तितका निष्पाप करून टीव्हीसमोर बसला. त्या रात्री त्याला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

पण दोन गोष्टींनी त्याला पुन्हा बेचैन केलं. एकदा तो पाणी घालायला गेला, तर लॉन आधीच ओलं. पाऊस तर नव्हताच. मग गराजमध्ये पाहिलं, तर खताचं पोतं जरा जास्तच रिकामं.

"अर्डिस, उंदीर खत खातात का गं?"

अर्डिस बटाटे सोलत होती. तिने वर पाहिलंच नाही. "आपल्याकडचे खात असतील. या उन्हात त्यांना तरी दुसरं काय मिळतंय?"

पुढचा आठवडा पारा शंभरच्या खाली उतरला नाही. फॅरनहाइट असलं म्हणून काय झालं, शंभर ते शंभरच! आणि एका सकाळी ड्वेन खिडकीत गेला तो किंचाळलाच. लॉन हिरवं नव्हतं आणि पिवळंही नव्हतं. त्यावर करपलेल्या तपकिरी चौकटी उमटल्या होत्या, थेट चौकड्यांच्या लुंगीसारख्या.

"अर्डिस! इकडे ये! कुणीतरी लेलंडच्या लॉनवर खत टाकलंय!"

अर्डिस आली आणि खिडकीत खिळून उभी राहिली. "कुणीतरी म्हणजे? कशावरून? गवत उन्हानेसुद्धा करपतं."

"ऊन काय रेघा मारतं? ते आडवे पट्टे बघ! मी तर उभे मारले होते!"

बोलून गेल्यावर ड्वेनने जीभ चावली. पण आता काय उपयोग?

"म्हणजे तू खत टाकलंस?" अर्डिस कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मला न सांगता?"

"फक्त अर्धा डोस! पण मग हे आडवे कुणाचे?"

अर्डिसचे हात कमरेवरून हळूहळू खाली आले. ती ॲप्रनला हात पुसायला लागली. हात कोरडेच होते.

"अर्डिस?"

"माझे," ती म्हणाली. "काय करू मग? तुझा रात्रंदिवस तळमळून जीव चालला होता! म्हटलं, गुपचूप थोडं टाकावं, गवत हिरवं झालं की नवरा तरी झोपेल. अर्धाच टाकला रे!"

ड्वेनला तिच्यावर रागवावं की तिला जवळ घ्यावं तेच कळेना. त्याने दोन्ही थोडं थोडं केलं. मग दोघं पुन्हा खिडकीतून बघत उभी राहिली.

"ड्वेन," अर्डिस म्हणाली, "उभे तुझे. आडवे माझे. मग ते तिरके कुणाचे?"

खरंच की! या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरके पट्टेही होते. दोघांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं, शपथा घेतल्या, तरी तिरक्यांचा धनी सापडेना. तेवढ्यात रस्त्यावर एक गाडी थांबली. लेलंडच्या लेकीची.

लेलंड कुबडी टेकत उतरला आणि फूटपाथवरच थांबला.  ड्वेन पुढे झाला. मागून अर्डिस, हातात घाईघाईने उचललेला चेरीचा केक घेऊन. रिकाम्या हाताने कबुली द्यायला जायचं कसं?

"लेलंड, गड्या, मला तुला काही–"

"थांब. आधी मी बोलतो," लेलंडने टोपी काढली. त्याचा आवाज ओला झाला होता. "ड्वेन, मला माफ कर. तू फोनवर हिरवंगार म्हणालास ना, तेव्हाच मला कळलं की हा थापा मारतोय. जुलैत हे गवत हिरवं राहतच नाही. मग मी लॉनची निगा राखणाऱ्या कंपनीतल्या एका लॉनवाल्याला फोन केला. म्हटलं, रविवारी सकाळी जा, ते दोघं चर्चमध्ये असतात. अर्धा डोस तिरका मारून ये. आणि त्या गाढवाने बघ, सगळं जाळून ठेवलं! तुझ्यावर भरवसा ठेवला असता, तर हे झालं नसतं."

ड्वेनच्या अंगावरून मणभर ओझं उतरलं. पायाच्या बोटांपर्यंत हलकं वाटायला लागलं. त्याने लेलंडच्या खांद्यावर मोठ्या मनाने हात ठेवला.

"जाऊ दे रे," तो म्हणाला. "माणूस आहे, चुकतो. मी मनात काही ठेवत नाही."

अर्डिसला ठसका लागला.

"तू देवमाणूस आहेस," लेलंडने डोळे पुसले आणि खिशातून फोन काढला. "पण त्या लॉनवाल्याला सोडत नाही. आत्ता त्याच्या मालकाला सांगतो, याला आजच्या आज काढून टाक म्हणून."

लेलंड चष्मा चढवून नंबर शोधायला लागला. ड्वेनने अर्डिसकडे पाहिलं. अर्डिसने केककडे पाहिलं. देवमाणूस होऊन त्याला पुरता एक मिनिटही झाला नव्हता.

"फोन ठेव," ड्वेन म्हणाला.

"का?"

"त्याने अर्धाच टाकला."

"तुला काय माहीत?"

"कारण दुसरा अर्धा माझा आहे."

"आणि," अर्डिस केक पुढे करत म्हणाली, "तिसरा माझा."

लेलंड दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याने कष्टाने वाकून करपलेल्या गवताचा एक झुबका उपटला, मुळं बोटांनी चोळली. पांढरी होती, म्हणजे जिवंत. चौकटींबाहेरच्या फिक्या गवतातही जीव होता.

"करपलेलं खरवडून काढू. सप्टेंबरात बी पेरू, तिघं मिळून," तो म्हणाला. "थंडी पडेपर्यंत होईल ठीक."

ड्वेनच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेलंड, लेका, तू रागावला नाहीस?"

लेलंडने अर्डिसच्या हातातला केक काढून घेतला, काखेत कुबडी नीट बसवली आणि घराकडे दोन पावलं टाकून मागे वळला.

"ते बघू," तो म्हणाला. "आधी मघाशी मी मागितलेली माफी मला परत दे."