मालिकेतल्या निकेतला कोणी पळवलं?

भाऊ गेले त्याच्या आदल्या दिवशी, नेहमीप्रमाणे, ते एका भयंकर गुन्ह्याच्या मागावर होते.

स्वतःविषयीचं मत त्यांनी कधी लपवलं नाही. "दिवेआगरपासून दिघीच्या धक्क्यापर्यंत," ते सांगत, "माझ्या नकळत नारळसुद्धा पडत नाही." पडलेला नारळ शेजारी घेऊन गेले, हे मात्र त्यांना दुसऱ्या दिवशी कळे. भूगोलाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी गुप्तहेरगिरी पत्करली होती. सुट्टीला घरी आलेली लेक अनुया आपोआपच त्यांची मदतनीस ठरे. बिनपगारी. "अनुभव मिळतो ना!" भाऊ म्हणत.

प्रकरण असं होतं. संध्याकाळच्या विनोदी मालिकेतला धाकटा मुलगा निकेत बरेच दिवस दिसला नव्हता, आणि त्याचे आईबाप खुशाल हसत होते.

भाऊंनी खुर्ची टीव्हीजवळ ओढली. "बापच गुन्हेगार आहे. नीट बघ. टेबलाला बाजू चार, आणि सगळे एकाच बाजूला बसून जेवतात. का?"

"समोर कॅमेरा असतो, भाऊ."

"समोरच्या भिंतीत तिजोरी आहे! तिच्यावरून नजर हलवायला कोणी तयार नाही. निकेतला ते कळलं, आणि संपलं."

जाहिराती संपेपर्यंत तिजोरी बाद झाली. "या घराला संडासच नाही," भाऊ म्हणाले. "इतक्या वर्षांत कोणी गेलेलं दाखवलंय? पोरगा शोधायला म्हणून बाहेर पडला, तो गेलाच." त्यानंतर संशय आईवर आला. ती झोपेतून उठते ती अंगभर दागिन्यांसकट. "म्हणजे बाई कुठल्याही क्षणी पळायच्या तयारीत आहे!"

पलीकडे अनुयाची आई अनुसूया बिरड्यासाठी वाल सोलत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "अहो, महिना कुठला चाललाय?"

"फेब्रुवारी. त्याचा काय संबंध?"

"मग पोरगं दहावीला असेल. खऱ्या आईबापांनी बसवलं असेल घरी अभ्यासाला. अनुयाच्या वेळी आपण नव्हती का केबल काढून टाकली?"

अनुयाने मोबाइलवर शोधलं. त्या मुलाने स्वतःच लिहिलं होतं, 'बोर्ड संपलं की भेटू.'

भाऊंनी चष्मा काढून पुसला. हरलेल्या गुप्तहेराला तेवढाच वेळ मिळतो. "तरी मालिकेतले आईबाप सुटत नाहीत हं! पोरगा घरात नाही आणि कुठे गेला म्हणून एकाने विचारू नये? बापाची पाळत हवी. आणि ती पोरांना कळता कामा नये."

मग टीव्हीकडेच बघत ते म्हणाले, "अनुया, मी कसा होतो गं? बाप म्हणून?"

या घरात असले प्रश्न विचारायची रीत नव्हती. अनुयाने घाईघाईने आसरा शोधला.

"तपास चालू आहे, भाऊ."

"छान. पुरावे जमव," भाऊ खुशीत म्हणाले. रात्री बिरडं दोनदा मागून घेतलं आणि झोपले. सकाळी उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. संशयाला कुठेच जागा नव्हती.

दिवसकार्य उरकल्यावर अनुया आईला घेऊन मुंबईला निघाली. दिघीहून फेरीबोट सुटली, आगरदांड्याच्या दिशेने वळली, आणि अनुया पाण्याकडे बघत मोठ्याने बोलू लागली.

"भाऊ, मी पहिल्यांदा अलिबागच्या वसतिगृहात राहायला निघाले, तेव्हा तुम्ही याच बोटीत मागे बसला होतात. ऐन उकाड्यात माकडटोपी घालून. अख्खी बोट तुम्हाला विचारत होती, भाऊ, सर्दी झाली काय? मी वळून बघितलं नाही. तुमचं वेषांतर फुकट गेलं असतं."

"कोणाशी बोलतेस गं?" आईने दचकून विचारलं.

"अहवाल देतेय."

आई जरा सरकून बसली, भाऊंना जागा करून द्यावी तशी.

"मी तुम्हाला ओळखलं होतं, भाऊ," अनुया म्हणाली. "म्हणून तर मला त्या दिवशी भीती वाटली नाही."