बिनवासाचा बोंबील

रेवसच्या काशीचा सुका बोंबील मुंबईपर्यंत नावाजलेला. खोड एकच, त्याला बोंबलाचा वास येई. ही गंभीर बाब १९३४ साली मत्स्यसुधारणा मंडळाच्या नजरेस आली. चिटणीस बाळाजीपंत जातीने तिच्या अंगणात आले आणि नाकाचा रुमाल न काढता म्हणाले,

"काशी, यापुढे माल गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे बनेल. तुझा हंगामाचा सगळा बोंबील मंडळ घेणार. व्यापाऱ्याला काडीसुद्धा द्यायची नाही."

काशी हरखली. नवऱ्याच्या होडीला नवं शीड हवं होतं. जुन्यावर ठिगळालाही जागा उरली नव्हती. दारात आलेल्या व्यापाऱ्याला तिने वाटेला लावलं.

मंडळाने सभ्य गिऱ्हाइकांना विचारलं. गिऱ्हाइकं म्हणाली, वास नको, शेजारी नाकं मुरडतात.

"बोंबलाला बोंबलाचाच वास येनार ना, पंत!" काशी म्हणाली. तरी बिचारीने रिठ्याच्या पाण्यात तो धुतला. मग काटा नको झाला. काटे काढता काढता तिची बोटं सोलली. मग तो ओळखू येऊ नये असं ठरलं, कारण घरी अचानक सोवळ्यातली मावशी येते. काशीने कुटून पूड केली आणि मंडळाने तीत आरारूट मिसळलं. शेवटी एका प्रतिष्ठित गृहस्थांना तो एकादशीला चालायला हवा होता. मंडळाने रीतसर ठराव करून पुडीतून बोंबील वगळला. उरलेलं आरारूट डब्यात भरलं आणि वर तुळशीचं चित्र छापलं.

"आन माजा ढीग?"

"तो गरजेत बसत नाही."

"मंग माजी गरज कोन इचारनार?"

"तू गिऱ्हाईक आहेस का?"

काशीने कनवटीला हात घालून एक डबा विकत घेतला. "झाले गिऱ्हाईक. आता लिवा, डब्यान बोंबील पायजे."

पंतांनी शांतपणे ऐकलं. एकीच्या हट्टापायी बाकीच्यांची सोय मोडता येत नाही, असं त्यांनी खेदपूर्वक कळवलं.

हंगाम सरला. व्यापारी पुन्हा फिरकला नाही. पंतांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, रडत रडत काशीने सगळा बोंबील चौलकडच्या एका नारळवाडीला खत म्हणून मातीमोल घातला. नवं शीड राहूनच गेलं, आणि नवरा धर्माजी दुसऱ्याच्या होडीवर राबायला गेला.

वर्ष उलटलं आणि त्या वाडीचे नारळ असे काही लगडले की विचारू नका! सभ्य गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. वास नाही, काटा नाही, मावशीची भीती नाही, एकादशीला तर हवाच. मंडळाने वाडीवाल्याला पदक दिलं.

काशीला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "खाल्ला म्हनायचा एकदाचा!"

तुमच्या देवापुढचा नारळ कुठल्या वाडीतला, हे मंडळाने विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका. प्रसाद गोड लागला ना?