बादली पडलेलं बोट

पॅरिसमधला सर्वांत देखणा पाणक्या कोण असं कोणी विचारलं, तर मी लाजून खाली बघतो. उगाच नाही! मस्यू द्युरोशेंसारख्या चित्रकाराने ग्रीक सेनापती रंगवायला मलाच उघडा करून आडवा निजवला. चित्रात सेनापतीच्या छातीत भाला रुतलाय, पण जिंकल्याची बातमी येईपर्यंत गडी तो उपटू देत नाही! हात वर राहावा म्हणून छतातून दोर सोडला होता. अख्खा हिवाळा मी त्या दोराला धरून मरत होतो.

चित्र लूव्ह्रच्या राजवाड्यात लागलं. मला आळशी म्हणणाऱ्या सासूबाईंना मी बायकोसकट ओढत नेलं. आज त्यांची बोलती बंद करायचीच होती!

बंद झाली ती माझी. काय चित्र होतं! भिंतभर! मरणाऱ्याच्या चेहऱ्यावर असं समाधान की बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसले.

"जावईबापू, यात तुम्ही कुठे?"

बघतो तर चेहरा माझा नव्हताच! मस्यूंनी कुठल्याशा जुन्या संगमरवरी पुतळ्याचं डोकं माझ्या धडावर बसवलं होतं. हे मोठे चित्रकार असंच करतात म्हणे.

"धड माझंच आहे!" मी म्हणालो.

"एवढं पोट आत? छे! ते मागचं गाढव असाल तुम्ही."

मी इरेला पेटलो. कोट काढला, सदरा काढला आणि तिथेच फरशीवर आडवा होऊन हात वर केला! बायका किंचाळल्या. पहारेकरी धावला. कोणीतरी ओरडलं, "वैद्य बोलवा!"

तेवढ्यात माझी बायको पेरीन ओरडली, "आई, चित्रातल्या पायाचं वाकडं बोट बघ! यांच्या बोटावर बादली पडली होती ना, तेच!"

सासूबाई चित्राजवळ वाकल्या. "अगंबाई, खरंच की!" आणि चक्क माझा सदरा झटकून त्यांनी माझ्या हातात दिला!

गर्दीत मस्यू उभे होते. बोटाकडे बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "ग्रीक सेनापतीला असलं बोट!" म्हणत ते तडक निघून गेले. मला वाटलं, माझं कौतुक त्यांना पचलं नाही.

पुढच्या रविवारी सासूबाई अख्खी गल्ली घेऊन आल्या. "सरका, सरका! आमच्या जावयाचं बोट बघा!"

बोट सरळ होतं. रंग अजून ओला होता. आणि खोटं कशाला बोलू, चित्र आता आणखीच सुंदर दिसत होतं!

सासूबाई पुन्हा चित्राजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "निदान चित्रात तरी सुधारलात, जावईबापू!"