भोपळ्याला सुरी लावणारा ससा

बाळांनो, आधी माफी मागतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर ते माझेच आहेत. शब्दही साधे आहेत, कारण मोठे शब्द शिकवायच्या आधीच शाळा सुटली. गोष्ट मात्र पूर्ण आहे. मांडी घालून बसा.

एका जंगलात वाघ एक होता आणि भोपळे पुष्कळ होते. थंडी पडली की वेल वाळून जायचे आणि भोपळे तेवढे उरायचे. लाल, जडशीळ, दगडासारख्या सालीचे. सशांच्या आळीत प्रत्येक बिळाच्या तोंडाशी पाच-सहा भोपळे रचलेले असत. चैत्रापर्यंत त्यांच्यावरच दिवस काढायचे.

त्या जंगलात एक नियम होता. अख्खा भोपळा बाईने चिरायचा नाही. आधी पुरुषाने त्याला सुरी लावायची. एकदा सुरी लागली, की मग बाईने त्याचं काय हवं ते करावं. हा नियम कोणी केला आणि का केला, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तो मोडायचा कसा, हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

अडचण एवढीच होती, की सकाळी आळीतले सगळे पुरुष सभेला जात. सभा रोज असे. उद्याच्या सभेचा विषय ठरवण्यासाठी. घरी राहायचा तो एकटा भागोजी. त्याने शाळा लवकर सोडली होती, म्हणून त्याला सभेत कोणी बोलवत नसे.

मग आळीतून हाका यायच्या.

"अहो भागोजीभावजी! जरा सुरी लावून जाता का?"

भागोजी मान खाली घालून जायचा. भोपळ्याला सुरीचं टोक टेकवायचा. "बरं, येतो," म्हणायचा आणि निघायचा. तो फार लाजाळू होता. चार बायकांत उभं राहायचं म्हणजे त्याचे कान लाल व्हायचे, आणि सशाचे कान लाल झाले की लांबून दिसतात. त्यामुळे पुढे भोपळ्याचं काय होतं, हे त्याने कधी पाहिलंच नाही. स्वतःच्या घरीही तेच. सुरी लावून तो अंगणात जाऊन बसायचा. तासा-दीड तासाने त्याची बायको ठकूबाई ताट वाढायची. ताटात भाजी असायची.

सुरी लावली की भाजी होते, असं भागोजीला वाटू लागलं. यात त्याचा फारसा दोष नव्हता.

जंगलात एक कावळा बातम्या द्यायचा. एके दिवशी तो झाडाझाडावर बसून ओरडला, "एका सकाळी नऊ भोपळे! एकट्या सशाचा पराक्रम!" बातमी खोटी नव्हती. नऊ भोपळ्यांना सुरी लागली होती. सभेवरून परतणारे ससे भागोजीच्या पाठीवर थाप मारून गेले. भागोजीने घरी येऊन स्वतःचा पंजा उलटसुलट करून पाहिला. पंजा नेहमीसारखाच होता, पण त्याला तो जरा भारदस्त वाटला.

त्याच थंडीत वाघाचं पोट बिघडलं. अस्वलवैद्यांनी जीभ तपासली, जरा लांबूनच, आणि सांगितलं, "महाराज, महिनाभर मांस बंद. रोज दुपारी भोपळ्याची भाजी. मेथीदाण्याची फोडणी चालेल."

जंगलात घरोघर गूळ वाटला गेला.

"पण ताट सूर्य डोक्यावर यायच्या आत समोर हवं," वैद्य म्हणाले. "उशीर झाला तर पथ्य मोडेल."

पथ्य मोडलं तर महाराज आधी काय खातील, हे वैद्यांनी सांगितलं नाही. ते त्याच दिवशी परगावी गेले.

वाघीण माहेरी होती. प्रधान कोल्ह्याने विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच भागोजीला दरबारात आणून उभं केलं.

"हे भागोजी, महाराज. भोपळ्यातले जाणकार. एका सकाळी नऊ."

"मला एकच पुरे," वाघ म्हणाला. त्याचा आवाज क्षीण होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

मधोमध एक भोपळा ठेवला होता. तो भागोजीपेक्षा उंच होता. भागोजीच्या हातात सुरी दिली. भागोजीने नमस्कार केला, भोपळ्याला सुरीचं टोक टेकवलं, आणि तो मागे सरून उभा राहिला.

सगळा दरबार माना पुढे करून भोपळ्याकडे पाहू लागला.

"मग?" वाघाने विचारलं.

"झालं, महाराज."

"काय झालं?"

"सुरी लावली."

वाघाने भोपळ्याकडे पाहिलं. मग भागोजीकडे पाहिलं. महाराजांच्या पोटात गुरगुरलं.

"भाजी कुठाय?"

भागोजीही तेच शोधत होता. घरी एव्हाना फोडणीचा वास सुटायचा. त्याने सुरी पुन्हा लावली, जरा जोराने. सुरी सटकली. तिसऱ्यांदा त्याने दोन्ही पंजांनी जोर केला. भोपळा घरंगळला आणि थेट वाघाच्या पायाशी जाऊन थांबला. चौथ्यांदा सुरी सालीत रुतली आणि निघेना. भागोजी मुठीला लोंबकळला. तरी निघेना.

"सूर्य वर आला हं," कोल्हा हळूच म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला.

भागोजीला आयुष्यात एकच गोष्ट नीट येत होती, आणि आत्ता कळलं की तीही येत नव्हती. थाप मारता आली असती. पण थापेलासुद्धा थोडी शाळा लागते.

"महाराज," तो म्हणाला, "मी नुसती सुरी लावतो. चिरत असतील त्या बायका. सोलतही त्याच असतील. मी आजवर एकही भोपळा चिरला नाही. आतून कसा दिसतो तेही मला ठाऊक नाही."

"मग बायकांना आणा," वाघ म्हणाला. "लवकर."

ठकूबाई दाराबाहेरच उभी होती. नवऱ्याला भोपळ्यासाठी दरबारात नेलंय हे कळताच ती विळी, वरवंटा आणि चुंबळ घेऊन मागोमाग निघाली होती. तिला त्याची काळजी वाटली, कारण ती त्याला ओळखत होती.

"सरका बाजूला," ती आत येऊन म्हणाली. "आणि अहो, थरथरायचं असेल तर तिकडे थरथरा. इथे विळी मांडायचीय."

तिने चुंबळ जमिनीवर ठेवली आणि भोपळा तिच्यावर बसवला. आता तो घरंगळेना. रुतलेली सुरी हलवून काढली, देठाच्या कडेला उभी धरली आणि पात्याच्या पाठीवर वरवंट्याचे तीन ठोके दिले. कडकन आवाज झाला. दोन शकलं झाली. आत केशरी गर होता, धागे होते आणि बियाच बिया होत्या. बिया तिने ओंजळीने काढून बाजूला वाळत घातल्या. फाका केल्या. त्या जरा वाफेवर धरल्या, म्हणजे साल नरमली. मग विळीवर एकेक फाक फिरवत पातळ साल उतरवली.

भागोजी पाहत होता. आज त्याचे कान गरम झाले ते लाजाळूपणाने नव्हे. आळीत नऊ बिळं होती. रोज नऊ वेळा हे सगळं होत होतं, आणि तो अंगणात बसून स्वतःचा पंजा पाहत होता.

"एवढं सोपं असतं होय?" कोल्हा म्हणाला.

"सोपंच आहे, प्रधानजी. उद्या तुम्ही करा."

कोल्ह्याला खोकला आला.

सूर्य डोक्यावर यायला दोन बोटं उरली असताना ताट समोर आलं. वाघ जेवला. ढेकर दिली. सगळ्या जंगलाने सुटकेचा निःश्वास सोडला. मग वाघाने शाल मागवली, नारळ मागवला, आणि भागोजीला पुढे बोलावलं.

"आजपासून तुला 'भोपळारत्न' ही पदवी."

"महाराज, भोपळा हिने चिरला," भागोजी म्हणाला.

"हो. मी पाहिलं ना."

"सोललाही हिनेच."

"तेही पाहिलं. सुरी कोणी लावली?"

"मी."

"मग?"

भागोजीने मान खाली घातली. कोल्ह्याने कावळ्याला सांगितलं, "लिहून घे. भोपळारत्न अतिशय नम्र आहेत."

दोघं घरी निघाली. ठकूबाईच्या डोक्यावर विळी होती, भागोजीच्या खांद्यावर शाल.

"ही शाल तुझी आहे," तो म्हणाला.

"एवढ्यावर भागवता होय?"

"मग काय करू?"

"ते मी कशाला सांगू? तुम्ही जाणकार."

दुसऱ्या दिवशी सकाळी भागोजीने शाल बायकोला पांघरायला दिली, भोपळा चुंबळीवर बसवला आणि स्वतः विळीवर बसला. पहिल्या फाकेची साल काढताना अर्धा गर सालीबरोबर गेला. "राहू द्या, सालीची चटणी करू," ठकूबाई म्हणाली. दुसऱ्या फाकेला बोट कापलं. "आता तिरकी धरा. अशी." तिसरी फाक बरी निघाली.

तेवढ्यात सभेवरून ससे परतले आणि थबकले.

"अरे भागोजी! भोपळारत्न ना तू? आणि साली काढतोस?"

"बायकोने बसवलंय पुरतं!"

कावळ्याने ते ऐकलं. दुपारच्या आत कोल्हा दाराशी आला. म्हणाला, असल्या कामाने पदवीची शोभा जाते, सबब शाल परत करावी. राजाच्या भोपळ्याला यापुढे सुरी मीच लावीन. पुढचं किरकोळ काम ठकूबाईंनी येऊन उरकावं.

ठकूबाईने शाल काढून दिली. भागोजीने चौथी फाक उचलली आणि साल उतरवू लागला.

तात्पर्य : भोपळा सोलायला कधीही शिकू नये. ज्याला सोलता येतो त्याला सोलावा लागतो. ज्याला येत नाही त्याला शाल मिळते.